एक बैल, तीन कायदे : बीदर-कलबुर्गी सीमाभागातील जनावरांच्या बाजाराचा इतिहास

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे विसर्जन झाले, तेव्हा त्या राज्यातील बीदर जिल्ह्याचे तीन वाटे झाले. अहमदपूर, निलंगा व उदगीर हे तालुके मुंबई राज्याकडे गेले. नारायणखेड तालुका, जहीराबादचा बहुतेक भाग व न्यालकल मंडळ आंध्र प्रदेशाला मिळाले. उरलेला जिल्हा म्हैसूर राज्यात समाविष्ट झाला. शेजारच्या गुलबर्गा जिल्ह्यातील कोडंगल व तांडूर हे तालुके आंध्रात गेले आणि बाकीचा जिल्हा म्हैसुरात आला. या विभाजनावर, विशेषतः येथील मराठी भाषकांच्या प्रश्नावर, विपुल लेखन झालेले आहे. माणसांच्या सीमाप्रश्नाची कागदपत्रे कपाटे भरून आहेत. परंतु या भूभागात बैलाचाही एक सीमाप्रश्न आहे आणि त्याची दखल इतिहासाच्या अभ्यासकांनी फारशी घेतलेली दिसत नाही.

प्रस्तुत निबंधाचा विषय कामातून निघालेल्या बैलाची विक्री हा आहे. पाश्चात्त्य देशांत मांसासाठी जनावर पोसून, ठराविक वजनाचे करून विकणे हा शेतीचा एक स्वतंत्र धंदा आहे. आपल्याकडे तसा धंदा कधी रुजला नाही. येथे बैल पोसला जातो तो नांगर, कुळव, तिफण आणि गाडी यांसाठी. तो थकला की विकला जातो आणि त्या पैशात भर घालून नवा खोंड घेतला जातो. म्हणजे थकलेल्या बैलाची किंमत ही पुढच्या बैलाच्या किमतीचा पहिला हप्ता असते. या साध्या हिशेबावर येथील कोरडवाहू शेती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. विषय नाजूक आहे, याची प्रस्तुत लेखकास जाणीव आहे. धर्मभावनेचा प्रश्न येथे बाजूला ठेवता येत नाही. पण फक्त तोच प्रश्न डोळ्यांपुढे ठेवला, तर शेतकऱ्याचा हा हिशेब दिसेनासा होतो.

बाजाराची साखळी

या भागाचा बैल म्हणजे देवणी. देवणी हे गाव आज लातूर जिल्ह्यात तालुक्याचे ठिकाण आहे. हैदराबाद राज्यात ते बीदर जिल्ह्याच्या उदगीर तालुक्यात होते. गीर, डांगी आणि स्थानिक जनावरे यांच्या संकरातून ही जात घडली, असे पशुवैद्यक शास्त्रज्ञांचे मत आहे. वानेरा, बालंक्या आणि शेवरा असे तिचे तीन प्रकार अंगावरच्या पांढऱ्या-काळ्या रंगाच्या मांडणीवरून ओळखले जातात. गाय बऱ्यापैकी दूध देते आणि बैल जड काळ्या जमिनीत ओढीला चांगला. एकाच जातीत हे दोन्ही गुण असल्याने लहान शेतकऱ्याला ती परवडते. बीदरला पशुवैद्यकीय विद्यापीठ २००४-०५ च्या सुमारास स्थापन झाले. त्याआधीपासून कर्नाटक शासनाने हल्लीखेड येथे देवणीचे पैदास केंद्र चालवलेले आहे. म्हणजे जातीच्या जतनाचे काम कर्नाटकात आणि जातीचे नाव महाराष्ट्रातील गावाचे, अशी स्थिती आहे. बैलाला मात्र १९५६ ची सीमा ठाऊक नसल्याने त्याची काही तक्रार नाही.

बैलांचे बाजारही सीमेच्या दोन्ही अंगांना पसरलेले आहेत. उदगीर तालुक्यातील हाळी-हंडरगुळीचा बाजार बैलांसाठी साऱ्या मराठवाड्यात प्रसिद्ध आहे. नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत मार्गशीर्षात घोडे, गाढवे, उंट यांच्याबरोबर लाल कंधारी व देवणी जनावरांचा मोठा बाजार भरतो. इकडे हुमनाबादच्या वीरभद्रेश्वराची जत्रा जानेवारीत असते आणि कलबुर्गीच्या शरणबसवेश्वराची होळीनंतर. सुगी संपून पैसा हातात आला की जत्रा, आणि जत्रेत जनावरांची अदलाबदल, असा हा क्रम होता. कन्नड भाषक शेतकरी ज्येष्ठी पौर्णिमेला कारहुणवी साजरी करतो आणि मराठी भाषक अमावास्येला पोळा. भालकी-औरादच्या कित्येक गावांत एकाच बैलाच्या शिंगांना वर्षातून दोनदा रंग लागतो. मुसलमान शेतकऱ्याचा बैलही त्यातून सुटत नाही. आमच्या घरच्या बैलांना झूल घालण्याचे काम लहानपणी आम्हां भावंडांकडे असे.

विक्रीची रीत सांगण्यासारखी आहे, कारण नव्या पिढीच्या अनेक अध्यापकांनी ती पाहिलेली नसेल. बैलाचे वय दातांवर ठरते. दुधाचे दात असतील तर अदात. साधारण अडीच वर्षांचा झाला की दोनदाती, मग चारदाती, सहादाती, आणि साडेचार-पाच वर्षांच्या सुमारास आठही दात आले की ‘जुळला’. जुळल्यानंतर दात वय सांगत नाहीत, केवळ झीज सांगतात. भाव रुमालाखाली, किंवा धोतराच्या सोग्याखाली, हाताच्या बोटांनी ठरतो. भोवती दहा माणसे उभी असली तरी आकडा दोघांनाच कळतो. सौदा ठरला की विसार द्यायचा. बैल सोडताना शेतकरी दावे आपल्याकडे ठेवून घेतो. गोठ्यातील बरकत दाव्याबरोबर जाऊ नये, अशी त्यामागची समजूत.

थकलेल्या बैलाच्या बाबतीत आणखी एक मधला माणूस असे, तो म्हणजे हेड्या. लिंगायत किंवा मराठा शेतकरी आपला म्हातारा बैल सहसा थेट कसायाला विकत नसे. तो हेड्याला विके. हेड्या दलालाकडे नेई आणि तेथून तो कुरेशी व्यापाऱ्याकडे जाई. बैल पुढे कोठे गेला, हे शेतकरी विचारत नसे आणि त्याला कोणी सांगतही नसे. या न विचारण्यामागे दांभिकपणा होता असे काही टीकाकार म्हणतात. मला तसे वाटत नाही. ज्या जनावराने दहा वर्षे पेरणी केली, त्याच्याविषयी माया आणि पुढच्या पेरणीची गरज, या दोन्ही गोष्टी एकाच घरात राहत होत्या. त्यांना एकमेकींसमोर उभे न करण्याची ही खेड्यातील व्यवस्था होती. माझे दादा शेतकरीच होते. बाजारात ओळखीचा व्यापारी त्यांना विचारी, “कित्ते कू छोडते, मियाँ?” आणि तोच व्यापारी शेजारच्या पाटलांकडे वळून तेच कन्नडमिश्रित मराठीत विचारी. पाटील म्हणत, “चाचा, तुम्हीच बघा अन् सांगा.” उधारी वर्षभर चाले आणि तिला लेखी आधार बहुधा नसे.

कागदाचा पूर्वार्ध : चोरीचे नाही

या व्यवहारात कागद नव्हता असे मात्र नाही. उर्दूचा अध्यापक असल्यामुळे आसपासच्या खेड्यांतील लोक माझ्याकडे जुने कागद वाचून घेण्यासाठी आणतात. बहुतेक कागद जमिनीचे असतात. हैदराबाद राज्यात १८८० च्या दशकात फारसीच्या जागी उर्दू ही सरकारी भाषा झाली, त्यामुळे त्यानंतरचे सारे दफ्तर उर्दूत आहे. या जमिनीच्या कागदांत कधीकधी जनावराच्या खरेदीची पावती निघते. तिची रचना ठरलेली. विकणारा, घेणारा, जनावराचा हुलिया, किंमत, जामीनदार आणि साक्षीदार. हुलिया म्हणजे वर्णन : रंग, शिंगांचा आकार, कपाळावरील ठिपका, डागणी, एखादा तुटका खूर. जनावरांची गणती तेथे ‘रास’ या शब्दाने होते. ‘दो रास बैल’ असे वाचून मराठी विद्यार्थी गोंधळतात, कारण मराठीत रास म्हणजे ढीग. हा ‘रास’ मूळ अरबी, अर्थ डोके. ‘दलाल’ हाही अरबीच, वाट दाखवणारा. ‘दाखला’ आणि ‘जामीन’ हेही त्याच वाटेने मराठीत आले. कोंडवाड्याला आमच्याकडची जुनी माणसे मवेशीखाना म्हणत. बाजाराची भाषा कोणत्याही एका धर्माची किंवा प्रांताची नव्हती, याचा याहून चांगला पुरावा शोधण्याची गरज नाही.

या कागदाचा हेतू काय होता? जनावर चोरीचे नाही, एवढेच सिद्ध करणे. जनावरांची चोरी ही खेड्यातील मोठी आपत्ती होती. पाटलाचा दाखला किंवा बाजाराची पावती जवळ असली म्हणजे वाटेत कोणी अडवले तर मालकी सांगता येई. संस्थानाच्या सरहद्दीवर करोडगिरीचे नाके असत आणि तेथे मालावर जकात द्यावी लागे. आळंदपलीकडे अक्कलकोट आणि पुढे ब्रिटिश मुलखातील सोलापूर, त्यामुळे या नाक्यांची येथील व्यापाऱ्यांना सवय होती. म्हणजे सरहद्द पूर्वीही होती. पण तेथे विचारले जाई ते ‘जनावर कोणाचे’ आणि ‘माल किती’. ‘जनावर कशासाठी नेता’ हा प्रश्न तेव्हा नव्हता.

हा प्रश्न स्वातंत्र्यानंतर आला. राज्यघटनेच्या ४८ व्या कलमाने गाई, वासरे आणि दुधाळ व ओढकामाच्या जनावरांच्या हत्येस मनाई करण्याच्या दिशेने राज्याने पावले उचलावीत, असे मार्गदर्शक तत्त्व घालून दिले. हैदराबाद राज्याने १९५० साली जनावरांच्या कत्तलीविषयी कायदा केला. १९५६ मध्ये राज्य मोडले, परंतु राज्यपुनर्रचनेच्या तत्त्वानुसार जुने कायदे नवा कायदा होईपर्यंत आपापल्या भागात चालू राहिले. त्यामुळे एक लक्षणीय गोष्ट घडली. बीदर, उदगीर आणि जहीराबाद तीन राज्यांत गेले तरी बैलापुरते ते काही वर्षे एकाच, मोडलेल्या राज्याच्या कायद्याखाली होते. नकाशावर सीमा आली होती, बाजारात ती अजून पोचली नव्हती.

तीन राज्यांचे तीन कायदे

म्हैसूर राज्याने १९६४ मध्ये गोहत्या प्रतिबंध व पशुरक्षण कायदा केला. गाय आणि म्हशीचे वासरू यांच्या कत्तलीस त्याने बंदी घातली. बैल, वळू, रेडा व म्हैस यांच्या बाबतीत मात्र जनावर बारा वर्षांपेक्षा जास्त वयाचे असेल, अथवा काम, पैदास किंवा दूध यांस कायमचे निरुपयोगी झाले असेल, तर सक्षम अधिकाऱ्याच्या दाखल्यावर परवानगी ठेवली. कत्तलीसाठी राज्याबाहेर जनावर नेण्यासही याच कायद्याने मनाई केली. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. आंध्र प्रदेशाने १९७७ मध्ये कायदा केला. त्यात गाय व वासरे यांना संरक्षण होते आणि इतर जनावरांसाठी दाखल्याची सोय होती, पण वयाचा आकडा नव्हता. महाराष्ट्राचा पशुसंरक्षण कायदा १९७६ चा, अंमल १९७८ पासून. तेथेही गाईवर बंदी आणि बैलास दाखला. म्हणजे १९६४ ते १९७८ या चौदा वर्षांत जुन्या बीदर जिल्ह्याच्या तीन तुकड्यांत तीन कायदे उभे राहिले. तरी या तिन्हींचा गाभा सारखा होता. गाय नाही, थकलेला बैल दाखल्याने. फरक होता तो दाखल्याच्या अटीत.

आता बारा वर्षांच्या अटीकडे पाहू. वर सांगितल्याप्रमाणे बैल पाचव्या वर्षी जुळतो आणि त्यानंतर दात वय नेमके सांगत नाहीत. झीज पाहून अंदाज बांधता येतो, शिंगांवरची वलये मोजता येतात. पण खडकाळ रानात चरणाऱ्या बैलाचे दात लवकर झिजतात आणि घरी कडबा खाणाऱ्याचे उशिरा. जन्माची नोंद खेड्यात माणसांचीही धड नव्हती, तेथे खोंडाची कोठून असणार? त्यामुळे अकरा आणि तेरा यांतील अंतर हे दाताने नव्हे तर दाखला देणाऱ्याच्या मताने ठरू लागले. कायद्याने आकडा दिला, बाजाराकडे तो मोजण्याचे साधन नव्हते. या फटीतून जे जे शिरते ते सर्व शिरले, त्याचे तपशील वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाही.

या कायद्यांच्या मागे सर्वोच्च न्यायालयाचा एक निर्णय उभा होता. महंमद हनीफ कुरेशी विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात २३ एप्रिल १९५८ रोजी घटनापीठाने निकाल दिला. सरन्यायाधीश एस. आर. दास यांनी लिहिलेल्या या निकालात बकरी ईदला गाईचीच कुर्बानी धर्माने बंधनकारक आहे, हा युक्तिवाद मान्य झाला नाही. गाई व वासरांवरील संपूर्ण बंदी वैध ठरली. मात्र काम करण्याची शक्ती संपलेल्या बैलावर आणि दूध आटलेल्या म्हशीवर संपूर्ण बंदी घालणे हे खाटकाच्या व्यवसायस्वातंत्र्यावरील वाजवी बंधन नव्हे, असे न्यायालयाने ठरवले. त्यामागे चाऱ्याचा विचार होता. निरुपयोगी जनावर उपयोगी जनावराच्या तोंडचा चारा खाते, असे न्यायालयापुढील आकडेवारीवरून दिसत होते. सत्तेचाळीस वर्षे हा निकाल टिकला. २६ ऑक्टोबर २००५ रोजी गुजरातच्या मिर्झापूर मोती कुरेशी कसाब जमात प्रकरणात सात न्यायाधीशांच्या पीठाने सहा विरुद्ध एक मतांनी तो बदलला. म्हातारा बैलही शेण व गोमूत्र देतो, म्हणून तो निरुपयोगी म्हणता येत नाही, असा या निकालाचा एक आधार होता. १९५८ च्या न्यायालयाने चारा मोजला होता, २००५ च्या न्यायालयाने शेण मोजले. कोरडवाहू शेतकऱ्याला दोन्ही मोजावे लागतात, आणि दुष्काळाच्या वर्षी पहिले दुसऱ्यापेक्षा फार महाग पडते.

२०१५ : सीमा बाजारात पोचली

महाराष्ट्र विधिमंडळाने १९९५ मध्ये केलेल्या दुरुस्तीला राष्ट्रपतींची संमती फेब्रुवारी २०१५ मध्ये मिळाली आणि ४ मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०१६ रोजी बंदी कायम ठेवली, मात्र परराज्यात कायदेशीररीत्या मिळालेले मांस बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम रद्द केले.

या क्षणी जुन्या बीदर जिल्ह्याच्या तीन तुकड्यांतील फरक प्रथमच शेतकऱ्याच्या खिशापर्यंत आला. देवणीत म्हाताऱ्या बैलाला कायदेशीर गिऱ्हाईक उरले नाही. तीच जनावरे असलेल्या भालकी-औरादला ते दाखल्याने होते. जहीराबादला, जे २०१४ पासून तेलंगणात आले होते, तेथेही होते. महाराष्ट्रातून कत्तलीसाठी जनावर बाहेर नेण्यास बंदी असल्याने देवणीच्या शेतकऱ्याला पलीकडच्या भावाचा उपयोग नव्हता. काही किलोमीटरवर एकाच जातीच्या, एकाच वयाच्या बैलाला एकीकडे किंमत आणि दुसरीकडे केवळ चाऱ्याचा खर्च, अशी अवस्था सहा वर्षे राहिली. अशा फरकातून चोरटी वाहतूक वाढते, हे सांगण्यास अर्थशास्त्रज्ञाची गरज नाही. त्यात पकडला जाणारा बहुधा गाडीचा चालक असतो.

वेळही वाईट होती. २०१५ हे मराठवाड्यात लागोपाठच्या दुष्काळाचे वर्ष. शासनाने लातूर, बीड व उस्मानाबाद जिल्ह्यांत चारा छावण्यांची व्यवस्था केली. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पूर्वी दुष्काळ पडला की शेतकरी म्हातारे जनावर विकून तरण्या जनावराचा चारा जमवत असे. १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी सांगणारे वृद्ध हेच सांगतात. या वेळी तो मार्ग बंद होता.

२३ मे २०१७ रोजी केंद्र शासनाने प्राण्यांच्या छळास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखाली जनावर बाजारांचे नियम जाहीर केले. बाजारात कत्तलीसाठी जनावर विकू नये, घेणाऱ्याने तसे लिहून द्यावे, आणि सहा महिने ते पुन्हा विकू नये, अशा त्यातील तरतुदींची देशभर चर्चा झाली. आमच्या भागाच्या दृष्टीने महत्त्वाची तरतूद दुसरीच होती आणि तिच्याकडे वृत्तपत्रांचे लक्ष कमी गेले. राज्याच्या सीमेपासून २५ किलोमीटरच्या आत जनावरांचा बाजार भरवू नये, असा तो नियम. देवणी, उदगीर, औराद, बीदर : नकाशा घेऊन बसावे आणि कोणता बाजार उरतो ते पाहावे. ज्या भागात तीन राज्ये एकमेकांत बोटे अडकवल्यासारखी बसली आहेत, तेथे हा नियम म्हणजे बाजारच नको असे म्हणण्यासारखे होते. मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने ३० मे रोजी काही तरतुदींना स्थगिती दिली. ऑल इंडिया जमियतुल कुरेश अ‍ॅक्शन कमिटीच्या याचिकेवर ११ जुलै २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती स्थगिती सर्व देशाला लागू केली. त्यामुळे हे नियम प्रत्यक्षात आले नाहीत. परंतु बाजारात बातमी पोचते ती नियमाची, स्थगितीची नव्हे. त्या पावसाळ्यात बाहेरगावचे व्यापारी आमच्याकडे फिरकेनासे झाले होते, हे मी स्वतः पाहिले आहे.

शेवटी कर्नाटकानेही वाट बदलली. २०१० चे विधेयक कायद्यात उतरले नव्हते. डिसेंबर २०२० मध्ये नवे विधेयक विधानसभेत संमत झाले, जानेवारी २०२१ मध्ये वटहुकूम लागू झाला आणि फेब्रुवारीत विधान परिषदेतही ते संमत झाले. १९६४ चा कायदा गेला. नव्या कायद्याने सर्व वयांचे बैल संरक्षित केले आणि फक्त तेरा वर्षांवरील म्हशी-रेड्यांना सूट ठेवली. शिक्षा तीन ते सात वर्षे कैद आणि पन्नास हजार ते पाच लाख रुपये दंड. सहा महिने आणि हजार रुपयांपासून येथपर्यंत. बीदर आणि देवणी बैलाच्या बाबतीत पुन्हा एका रांगेत आले, तिसरा तुकडा जहीराबाद तेवढा निराळा राहिला.

दरम्यान व्यापार बैलाकडून म्हशीकडे सरकत होता. याची सुरुवात खरे तर १९९० च्या दशकातच झाली होती. मेदक जिल्ह्यात रुद्रारम येथे अल-कबीरचा निर्यातीचा कारखाना उभा राहिला आणि आखाती देशांच्या मागणीमुळे म्हशींच्या मांसाला भाव आला. परिसरातील पशुधन आटेल, या आक्षेपावरून झालेला वाद सर्वोच्च न्यायालयात २००६ पर्यंत चालला. बैलाचा बाजार बसला तसतसा कुरेशी व्यापारी हल्या-रेड्यांकडे वळला. पण हल्या देवणीच्या बैलाची जागा शेतात घेत नाही, त्यामुळे व्यापाऱ्याला मिळालेला मार्ग शेतकऱ्याला मिळाला नाही.

दोष कोणाचा

बैल कमी झाले ते कायद्यामुळे, असे सरसकट म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. २०१२ ते २०१९ या दोन पशुगणनांत देशातील गाईंची संख्या सुमारे १८ टक्क्यांनी वाढून १४.५ कोटींवर गेली आणि नर गोवंश ६.८ कोटींवरून ४.७ कोटींवर आला. हा फरक प्रचंड आहे, पण त्यात ट्रॅक्टरचा वाटा निःसंशय मोठा आहे. बीदर जिल्ह्यात सोयाबीन आणि ऊस वाढला तसा भाड्याचा ट्रॅक्टर दारात आला. माझ्या मते कायद्याने एवढेच केले की, ट्रॅक्टर घेऊ न शकणाऱ्या माणसाचा बैल महाग केला. चार एकरांचा मालक नवी जोडी घेताना पूर्वी जुन्या जोडीची किंमत वजा करत असे. आता तो जुन्या जोडीचा वर्षाचा कडबा त्यात मिळवतो.

येथे ब्रिटनमधील एक उदाहरण उपयोगी पडेल. जनावरांच्या मेंदूच्या रोगामुळे तेथे १९९६ मध्ये तीस महिन्यांवरील जनावर अन्नासाठी वापरण्यास बंदी आली आणि ती २००५ पर्यंत टिकली. तेथेही वय हाच कायद्याचा आधार होता आणि त्याच वर्षी १ जुलैपासून प्रत्येक नव्या जनावराला पासपोर्ट देणे सुरू झाले. पण बाजारातून बाद केलेली जनावरे सरकारी योजनेत घेऊन त्यांची भरपाई शेतकऱ्याला देण्यात आली. नियमाचा खर्च कोणी सोसायचा, हे नियमाबरोबरच ठरले. महाराष्ट्र शासनाने ३० सप्टेंबर २०२४ रोजी देशी गाईला राज्यमाता-गोमाता घोषित करून गोशाळांना दर गाईमागे दिवसाला ५० रुपये अनुदान जाहीर केले. म्हणजे पोसण्याला खर्च येतो, हे शासनालाही मान्य आहे. हा खर्च शेतकऱ्याच्या गोठ्यातील बैलालाही येतो.

२०२२ मध्ये लम्पी रोगाने महाराष्ट्रातील जनावर बाजार काही महिने बंद राहिले, कर्नाटकातही जनावरांच्या जत्रांवर निर्बंध आले. जून २०२४ पासून महाराष्ट्रात कानात बिल्ला नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री व वाहतूक बंद झाली. रोगनियंत्रणासाठी हे आवश्यक आहे, त्याबद्दल वाद नाही. मे २०२५ च्या अखेरीस राज्याच्या गोसेवा आयोगाने बकरी ईदपूर्वी आठवडाभर जनावर बाजार भरवू नयेत, असे पत्रक बाजार समित्यांना काढले आणि आक्षेप आल्यावर मागे घेतले. त्याच पावसाळ्यात, रस्त्यावर गाड्या अडवणाऱ्या टोळ्यांना कंटाळून महाराष्ट्रातील कुरेशी व्यापाऱ्यांनी खरेदीच थांबवली. तेव्हा व्यापारी परत यावेत म्हणून आवाज उठवणाऱ्यांत शेतकरी संघटनांचे पुढारीही होते. रुमालाखालच्या हाताला दोन हात लागतात, हे शेतकरी विसरला नव्हता.

साधने

या इतिहासाची साधने आता झपाट्याने नाहीशी होत आहेत, म्हणून महाविद्यालयीन अध्यापकांना एक विनंती. बाजार समित्यांची जुनी पावतीपुस्तके मुदत संपली की रद्दीत जातात. नगरपालिकांच्या कत्तलखान्यांची दाखल्यांची नोंदवही, दलालांच्या वह्या, घरोघरच्या उर्दू पावत्या यांची सूची कोणी केलेली माझ्या पाहण्यात नाही. पदव्युत्तर वर्गाच्या प्रकल्पांसाठी दरवर्षी तेच ते विषय देण्यापेक्षा एका बाजाराची दहा वर्षांची पुस्तके विद्यार्थ्यांना उतरवून घेण्यास सांगावे. हेडे आणि दलाल यांपैकी जे सत्तरीच्या पुढे आहेत, त्यांच्या मुलाखती याच वर्षी घ्याव्यात. उर्दू वाचणारा विद्यार्थी आणि मोडी-मराठी वाचणारा विद्यार्थी यांची जोडी लावावी, कारण एकाच व्यवहाराचे अर्धे कागद एका लिपीत आणि अर्धे दुसऱ्या लिपीत सापडतात.

गेल्या उन्हाळ्यात भालकी तालुक्यातील एक लिंगायत शेतकरी आपल्या आजोबांचे कागद घेऊन माझ्याकडे आले होते. त्यांना जमिनीचा नंबर हवा होता. त्यांत एक पावती निघाली : एक रास बैल, रंग पांढरा, कानाजवळ काळा डाग, उजवे शिंग खाली वळलेले, जामीनदार गावचाच एक मुसलमान. जमिनीचा नंबर सापडला नाही. मी पावतीची नक्कल करून घेण्याची परवानगी मागितली. ते म्हणाले, “ठेवूनच घ्या सर, आमच्या गोठ्यात आता बैल आहे कुठे.” मी नक्कल काढली आणि मूळ कागद त्यांना परत दिला.